‘पहिली’ संस्था कोणती? : प्रबंधातील एका वाक्याचा शोध

बी. कॉम.च्या शेवटच्या वर्षाला प्रकल्प-प्रबंध लिहावा लागतो. विषय मिळतो, पाने भरतात, बांधणीही होते; पण हा मजकूर कोठून घेतला, असे कोणी विचारले की आपल्यापैकी बहुतेकांची गाडी अडते. माझीही अडली. ती कशी सुटली एवढेच येथे सांगावयाचे आहे.

विषय होता सहकारी पतसंस्थांचा उदय. पहिल्याच पानावर मी लिहिले की भारतातील पहिली सहकारी संस्था १८८९ साली बडोद्यास निघाली. मराठी पुस्तकात तसे वाचले होते. कन्नड माध्यमातून आलेल्या माझ्या वर्गमित्राचाही विषय तोच. त्याच्या पहिल्या पानावर होते की भारतातील, किंबहुना आशिया खंडातील पहिली सहकारी संस्था १९०५ साली गदगजवळच्या कणगिनहाळ गावी सिद्दनगौडा पाटील यांनी काढली. दोन्ही वह्या एकाच दिवशी सरांच्या टेबलावर गेल्या. सरांनी दोन्ही वाक्यांखाली तांबडी रेघ ओढली आणि म्हणाले, “आता तुम्हीच ठरवा, खरा कोण ते.”

आम्ही भांडलो, हे कबूल करतो. आपल्या गावात असले भांडण दोन मिनिटांत भाषेवर जाते, तसे तेही गेले. मग चहा झाला आणि आम्ही ग्रंथालयात जाऊन बसलो. त्याला मराठी बोलता येते पण वाचताना तो अडखळतो. मला कन्नड वाचता येते. तेव्हा वाचण्याचे काम माझ्याकडे आणि टिपणे काढण्याचे त्याच्याकडे आले.

प्रथम मोबाईलवर शोधले. कणगिनहाळचे ‘आशियातील पहिली’ हे बिरुद ठिकठिकाणी सापडले. मित्र खूश झाला. पण नीट पाहिले तर वाक्ये जवळजवळ तीच, शब्दांचा क्रमही तोच. एकाने लिहिले, बाकीच्यांनी उतरविले. दहा तोंडांनी एकच माणूस बोलत असेल तर त्याला दहा साक्षीदार म्हणता येत नाही. माझ्या मराठी पुस्तकाची गतही फारशी वेगळी नव्हती; आपण हे कोठून घेतले याचा पत्ता त्यात कोठेच नव्हता.

नंतर रिझर्व्ह बँकेचे नागरी सहकारी बँकांच्या इतिहासावरील टिपण मिळाले. त्यात बडोद्याची ‘अन्योन्य सहकारी मंडळी’ आहे, विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाऊसाहेब कवठेकर यांचे नाव आहे, १८८९ हे सालही आहे. मी उडी मारणार तोच मित्राने एका शब्दावर बोट ठेवले. तेथे ती ज्ञात असलेली ‘बहुधा’ पहिली परस्पर साहाय्य संस्था, असे म्हटले आहे. उतरवून घेताना हा ‘बहुधा’ कोठेतरी गळला होता. मूळ लेखक सावध असतो, निर्धास्त असतो तो नक्कल करणारा.

तेथेच पुढे कांजीवरमच्या संस्थेची नोंद ऑक्टोबर १९०४ मध्ये झाल्याचे दिले आहे, म्हणजे कणगिनहाळच्याही आधी. परंतु ती नागरी संस्था, कणगिनहाळची शेतकऱ्यांची. टिपणाचा विषयच नागरी बँका हा असल्याने त्यात कणगिनहाळ न सापडण्यात नवल नाही. एखाद्या साधनात एखादी गोष्ट नाही, एवढ्यावरून ती घडलीच नाही असे धरता येत नाही.

उलगडा झाला तो कायद्यापाशी. सहकारी पतसंस्थांचा पहिला कायदा मार्च १९०४ चा. १८८९ मध्ये असा कायदाच नव्हता. शिवाय बडोदे हे गायकवाडांचे संस्थान. तेव्हा अन्योन्य मंडळी निघाली ती कायद्याच्या आधाराशिवाय, आणि कणगिनहाळची संस्था निघाली ती कायदा झाल्यावर, त्या वेळच्या मुंबई इलाख्यातील धारवाड जिल्ह्यात. दोघांची ‘पहिली’ची व्याख्याच निराळी होती. ‘आशियातील पहिली’ मात्र टिकेना. जपानात सहकारी संस्थांचा कायदा १९०० सालीच झाला होता. मित्राला हे जड गेले, आणि का जाऊ नये? मलाही ‘बहुधा’ लिहिणे जडच गेले होते.

याच टिपणात आमच्या जिल्ह्याचाही मान आढळला : गोकाक अर्बन १५ फेब्रुवारी १९०६ ची आणि बेळगाव पायोनियर २३ फेब्रुवारीची. आठ दिवसांनी गोकाककर पुढे! बेळगावकरांनी रागावू नये.

संस्थांच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिका आम्ही टाकून दिल्या नाहीत. सभासद किती, भागभांडवल किती, कर्जे कशासाठी दिली, हे त्यांच्याइतके दुसरीकडे मिळत नाही. पण ‘आम्हीच प्रथम’ असे आले की तेवढ्यापुरता दुसरा साक्षीदार शोधला. घरच्या पंगतीत स्वयंपाकाची निंदा कोण करतो?

शेवटी माझे वाक्य असे झाले : ‘बडोद्याची अन्योन्य सहकारी मंडळी (१८८९) ही भारतातील ज्ञात असलेली बहुधा पहिली परस्पर साहाय्य संस्था होय, १९०४ च्या कायद्यानंतर निघालेल्या आरंभीच्या ग्रामीण पतसंस्थांत कणगिनहाळची (१९०५) गणना होते.’ मित्राने तेच कन्नडमध्ये लिहिले, फक्त कणगिनहाळ आधी घेतले. सरांनी दोन्ही वाचली, तांबडी पेन्सिल खाली ठेवली आणि संकेतस्थळ कोणत्या तारखेला पाहिले ते समासात लिहावयास सांगितले. ते आम्ही दोघेही विसरलो होतो.