धुक्यातला तेरडा फिका का येतो?

प्रश्न : सप्टेंबरात आम्ही कास पठारावर गेलो होतो. धुकं होतं, पण तेरड्यानं सगळं पठार गुलाबी झालेलं डोळ्यांना स्पष्ट दिसत होतं. नव्या कॅमेऱ्यानं शंभरेक फोटो काढले. घरी येऊन कॉम्प्युटरवर पाहतो तर सगळे विटक्या कापडासारखे. सॅच्युरेशन वाढवलं तर फुलं प्लास्टिकची वाटायला लागली आणि मुलीचा चेहरा नारिंगी झाला. कॅमेरा बदलावा का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : कॅमेरा बदलू नका. तुमच्या फोटोंमध्ये रंग आहेत, फक्त त्यांच्यात पांढरा उजेड मिसळला आहे. तो मिसळलेला पांढरा काढून टाकायचा सोडून तुम्ही वरून आणखी रंग ओतलात, म्हणून फुलं भडक झाली.

धुक्यातले पाण्याचे थेंब सगळ्या रंगांचा उजेड जवळजवळ सारखाच विखुरतात. त्यामुळे धुकं पांढरं दिसतं आणि तोच पांढरा उजेड फूल आणि लेन्स यांच्या मधल्या हवेतून फोटोत उतरतो. आपला मेंदू त्याच्याकडे बऱ्याच अंशी काणाडोळा करतो, कॅमेरा करत नाही. आकडे घालून पाहू. जेपेग फोटोत प्रत्येक ठिपक्याची लाल, हिरवा, निळा अशी तीन मापं असतात, प्रत्येक 0 ते 255. समजा, तेरड्याच्या पाकळीची खरी मापं 200, 50, 130 आहेत. धुक्याचा पांढरा 220 धरला आणि तो निम्म्यानं मिसळला, तर फोटोत 210, 135, 175 येतात. तीन आकडे एकमेकांजवळ सरकले की रंग फिका होतो. आता तिन्हींतून 110 वजा करा आणि उरलेल्याची दुप्पट करा : पुन्हा 200, 50, 130. पाकळी जशीच्या तशी परत! प्रत्यक्षात हिशेब इतका नेमका जुळत नाही, कारण लांबच्या फुलांवर धुकं जास्त आणि जवळच्यांवर कमी असतं. पण दिशा हीच.

ही वजाबाकी आणि ताणणं ज्या साधनात होतं त्याचं नाव लेव्हल्स. गिंप हे मोफत सॉफ्टवेअर आहे, त्यात रंगांच्या मेनूत ते सापडेल. मोबाइलवर स्नॅपसीड असेल तर कर्व्ह्जनं तेच काम होतं. लेव्हल्स उघडलं की डोंगरासारखा एक आलेख दिसतो; त्याला हिस्टोग्राम म्हणतात. डावीकडे काळोख, उजवीकडे उजेड. तुमच्या फोटोंत हा डोंगर मध्येच गोळा झालेला असेल आणि दोन्ही टोकांना मोकळं मैदान. डावा काळा त्रिकोण डोंगराच्या पायथ्यापर्यंत आणा, उजवा पांढरा त्रिकोण दुसऱ्या पायथ्यापर्यंत. सॅच्युरेशनला हातही न लावता गुलाबी उठून येतो. मला आजही हे बघताना दरवेळी तितकाच आनंद होतो.

त्यानंतर व्हाइट बॅलन्स. स्वयंचलित व्हाइट बॅलन्स पठारावर हमखास गोंधळतो. चौकटीभर गुलाबी दिसला की हा प्रकाशाचाच दोष असावा असं समजून तो हिरव्याकडे झुकतो. साधनातला ड्रॉपर घेऊन फोटोतल्या पांढऱ्या किंवा राखाडी जागेवर टेकवा. कासवर त्यासाठी गेंदाची पांढरी बोंडं छान उपयोगी पडतात. जांभा खडक मात्र तांबूस असतो, त्यावर टेकवलात तर सगळा फोटो निळसर होईल. फोटोला ऊबही बेतानंच द्या. फार दिलीत तर सीतेच्या आसवांचा निळा-जांभळा मळकट राखाडी होतो.

सॅच्युरेशन सगळ्यात शेवटी, आणि बहुतेकदा त्याऐवजी व्हायब्रन्स. सॅच्युरेशन सगळ्या रंगांना सारखं रेटतं. व्हायब्रन्स फिक्या रंगांना जास्त आणि आधीच गडद असलेल्यांना कमी उचलतं, शिवाय बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये ते त्वचेचे रंग सांभाळतं. मुलीचा चेहरा त्यानं वाचेल. फुलं प्लास्टिकची का वाटली तेही सांगतो. तेरड्याचा लाल रेटत नेला की तो 255 ला जाऊन आपटतो. सोनकीच्या पिवळ्यात लाल आणि हिरवा असे दोन्ही आपटतात. मग शेजारशेजारच्या ठिपक्यांचं माप एकच होतं, पाकळीच्या मुडपा, शिरा नाहीशा होतात आणि उरतो तो रंगाचा नुसता डाग.

पुढच्या वेळी तिथेच काही गोष्टी करता येतील. आधी लेन्स पुसा. धुक्यात काचेवर बाष्प बसतं आणि बोटाचा ठसाही असाच पांढुरका पडदा धरतो. कॅमेऱ्याचं प्रकाशमापन समोरचं दृश्य मध्यम राखाडी असावं असं धरून चालतं, म्हणून उजळ धुकं तो मुद्दाम अंधारं करतो. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन अधिक 0.7 किंवा अधिक 1 ठेवून पाहा. वाटेवरूनच, पण वाटेलगतच्या फुलांचे फोटो घ्या. मधली हवा जितकी कमी तितका रंग शुद्ध. ओल्या पानांवर आकाशाची चकाकी असते, ती पोलरायझर फिल्टरची कडी फिरवली की पुष्कळशी जाते आणि खालचा हिरवा दिसतो. त्यात दीड ते दोन स्टॉप उजेड जातो, एवढी किंमत मोजावी लागते. ही चकाकी नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरनं नीट काढता येत नाही, म्हणून मी खर्च करायचाच तर यावर करा म्हणेन.

कॅमेऱ्यात रॉ फाइलची सोय असेल तर ती सुरू करा. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या 256 पायऱ्या, 14 बिट रॉमध्ये 16,384. त्यामुळे वर सांगितलेली ताणाताणी रॉ सहज सोसते. आणि कॅमेऱ्याच्या मेनूत कलर स्पेस ‘अडोबी आरजीबी’ झालेली नाही ना, तेवढं पाहून घ्या. ती असेल तर काही पडद्यांवर तुमचे रंग उगाचच मरगळलेले दिसतील. सुरुवातीला ‘एसआरजीबी’च ठेवा.

ज्या फोटोत दूरवर नुसतं धुकं आणि त्यात विरत गेलेली फुलं आहेत, तिथे डावा त्रिकोण थोडा अलीकडेच थांबवा. धुक्यात खरोखरच काहीही पूर्ण काळं नसतं.