गोदावरीचें पाणी : वरचीं धरणें व जायकवाडी

नाशिक-नगरचा शेतकरी व मराठवाड्याचा शेतकरी यांच्यांतील पाण्याचा तंटा बहुतेकांस वर्तमानपत्रांतील मथळ्यांवरूनच माहीत असतो. तो कायद्याच्या व हिशेबाच्या अंगानें समजावून घ्यावा, म्हणून हा लेख आम्हीं योजिला आहे.

ता. ६ ऑक्टोबर १९७५ च्या करारानें पैठणपर्यंतचें गोदावरीचें सर्व पाणी महाराष्ट्रानें वापरावें असें आंध्र प्रदेशाशीं ठरलें. शेजाऱ्याशीं असलेला वाद अशा रीतीनें मिटला, आणि तो घरांत आला. वरच्या अंगास भंडारदरा १९२६ सालींच पुरें झालेलें; त्यावर प्रवराकांठचा ऊंस उभा राहिला. पुढें मुळा, गंगापूर वगैरे धरणें झालीं. खालीं पैठणास जायकवाडीचें सुमारें १० किलोमीटर लांबीचें धरण १९७६ सालीं पुरें झालें. त्याचा उपयुक्त सांठा ७६.६५ अब्ज घनफूट. धरण मोठें, परंतु भरणें वरून काय येतें यावर.

२००५ च्या जलसंपत्ति नियमन प्राधिकरणाच्या कायद्याच्या १२ व्या कलमांत असें आहे कीं, टंचाईची झळ सर्वांस सारखी बसावी म्हणून ऑक्टोबरअखेर खोऱ्यांतील सर्व धरणांची टक्केवारी, खरिपाचा वापर धरून, अदमासें सारखी असावी. आम्हीं महसूल खात्यांत पुष्कळ वर्षें आणेवारीचे तक्ते लिहिले. हीहि एक प्रकारें पाण्याची आणेवारीच होय.

वाचकांनीं एक गणित करून पाहावें. समजा, वरच्या धरणाचा उपयुक्त सांठा १० व त्यांत पाणी ९. खालच्याचा ८० व त्यांत ३२. एकूण ९० पैकीं ४१, म्हणजे सुमारें साडेपंचेचाळीस टक्के. सारखें करावयाचें तर वरच्यानें जवळजवळ साडेचार भाग सोडावे. वरचें धरण नव्वद टक्क्यांवरून साडेपंचेचाळिसांवर उतरतें. खालचें चाळिसांवरून साडेपंचेचाळिसांवर चढतें, तेंहि वाटेंत थेंब न मुरतां! वरच्यास वाटतें सर्वस्व गेलें, खालच्यास वाटतें कांहींच आलें नाहीं. दोघेहि खोटें बोलत नाहींत. लहान भांडें व मोठें भांडें यांचा हा न्याय आहे.

म्हणूनच केवळ समान टक्का न धरतां मेंढेगिरी समितीनें २०१३ सालीं निरनिराळ्या परिस्थितींचे कोष्टक दिलें. प्राधिकरणाच्या २०१४ च्या आदेशांत १५ ऑक्टोबर ही हिशेबाची तारीख व जायकवाडीकरितां ६५ टक्के ही मर्यादा आली. उच्च न्यायालयानें २०१६ सालीं तें धोरण उचलून धरलें.

परंतु मुख्य दुखणें वेळेचें आहे. ३० ऑक्टोबर २०२३ रोजीं ८.६ अब्ज घनफूट सोडण्याचा आदेश झाला. पाणी प्रत्यक्ष सुटलें तें नोव्हेंबरच्या उत्तरार्धांत. पाऊस चालू असतां ओल्या पात्रांतून जाणारें पाणी व महिनाभर कोरड्या पडलेल्या वाळूवरून जाणारें पाणी यांत किती अंतर, हें ज्यानें पाटाच्या शेपटास बारें धरलें आहे त्यास सांगणें नको. उशीर ज्याच्या कोणाच्या हट्टानें होवो, मुरलेलें पाणी दोघांच्याहि हातचें जातें. आमच्या मतें कोर्टांत लढलेला प्रत्येक आठवडा वाळूच्या खातीं जमा होतो.

वरच्या भागांतील बागाइतदारांस एक सूचना. आडसाली लागण जुलै-ऑगस्टांत होते, तेव्हां हिशेब कोणासच ठाऊक नसतो. ती जोखीम उघड आहे. पूर्वहंगामीची गोष्ट निराळी. ज्या वर्षीं पैठणचा सांठा सप्टेंबरांतच खालीं दिसेल, त्या वर्षीं १५ ऑक्टोबरचे आंकडे हातीं येईपर्यंत बेणें तोडूं नये, आणि तितकें रान हरभऱ्यास राखून ठेवावें.