वीरगळ कसा वाचावा?



लागण, खते, तोडणी यांवर या पानात आपण नेहमीच बोलतो. आज जरा वेशीकडे जाऊ. कोल्हापूर, सांगली, सातारा भागात मारुतीच्या देवळामागे, नाहीतर ओढ्याकाठी कमरेएवढा काळा दगड उभा दिसतो. त्यावर माणसे, गाई, घोडे कोरलेले. कुणी त्याला पांडव म्हणतं, कुणी म्हसोबा. बहुधा तो वीरगळ असतो, म्हणजे लढताना मेलेल्या माणसाचे स्मारक. शिलाहार-यादवांच्या काळातले असे पुष्कळ आहेत.

आम्हालाही हे उशिराच कळले. पाटाच्या मोरीवर एक लांबट दगड आम्हीच पहारीने सारून पालथा टाकला होता. चार हंगाम उसाच्या गाड्या त्यावरून गेल्या. मोरी खचली, दगड उलटला, तेव्हा खालच्या अंगाला लढणारा गडी निघाला! चिखलाने कोरीव काम राखले होते. वरचा कोपरा मात्र आमच्याच पहारीने उडालेला.

वीरगळ खालून वर वाचायचा. कागद आपण वरून वाचतो, तिथंच चुकतं. सर्वांत खाली वीर आडवा पडलेला असतो. शेजारी गाई असतील तर समजावे की गडी गुरे राखताना किंवा पळवलेली सोडवताना पडला. त्या काळी गुरे हेच धन. ती गेली की शेतीच बसली. त्यावरच्या चौकटीत लढाई, ढाल-तलवारी. त्याच्यावर दोन्ही बाजूंनी अप्सरा वीराला स्वर्गात नेतात. सर्वांत वर तो शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला, माथ्यावर कलश आणि चंद्र-सूर्य. चंद्र-सूर्य असेतो त्याची कीर्ती राहो, हा अर्थ. एवढे सगळे कोरतात, पण नाव बहुधा नसते.

मुंबईत बोरिवलीजवळ एकसरच्या वीरगळांवर तर वल्ह्यांची जहाजे आहेत. यादव राजा महादेव आणि शिलाहार सोमेश्वर यांच्यात सुमारे १२६५ साली झालेल्या समुद्रावरील लढाईशी अभ्यासक त्यांचा संबंध जोडतात.

शेजारच्या दगडावर कोपरात वळलेला, बांगड्या भरलेला हात असेल तर ती सतीशिळा. तिच्यापुढे आम्हाला फार वेळ उभे राहवत नाही.

दगड पाहायचा तो सकाळी किंवा उन्हे कलताना. तिरप्या उजेडात पुसट रेघही उठून दिसते. थोडे पाणी शिंपडावे. खुरप्याने खरवडू नये, तारेचा ब्रश तर नकोच. शेंदूर ही ज्याची त्याची श्रद्धा. पण ऑइलपेंटचे थर बसले की गाय कुठली नि घोडा कुठला, काही कळत नाही. नांगराला असा दगड लागला तर बांधावर ढकलू नका, तलाठ्यांना वर्दी द्या.

आमचा दगड आता चावडीपुढे उभा आहे. उडालेला कोपरा पाटाच्या कडेने दोनदा शोधला, मिळाला नाही. त्यावर कलशाची एक बाजू असणार. कुणाच्या सरीत सापडल्यास गट ऑफिसात आणून द्यावा.