सणाची गर्दी आणि उभ्याने करायची नोकरी

चवथ आली की आपला दोडामार्ग माणसांनी भरून जातो. मुंबईचे चाकरमानी येतात, माटवी सजते, घराघरांतून आरत्या ऐकू येतात. सण संपला की मात्र माझ्या दवाखान्यात वेगळीच माणसे येऊ लागतात. आपल्या भागातली कितीतरी मुले-मुली सीमेपलीकडे गोव्यात दुकानांत नोकरी करतात. घर तसे जवळच, पण रात्री दुकान बंद होईपर्यंत शेवटची गाडी निघून गेलेली असते. म्हणून चार-पाच जण मिळून तिकडेच खोली घेतात. आणि सण म्हणजे तर दुकानाचा हंगाम. त्या दिवसांत रजा मिळत नाही.

अशीच एक बावीस वर्षांची मुलगी चवथीनंतर चार दिवसांनी आईबरोबर आली. घरचा दीड दिवसाचा गणपती तिच्याविनाच पोचवला होता. आईच्या बोलण्यात राग होता. "नोकरी लागली आणि घर विसरली. फोन केला तर दोन शब्द बोलते आणि ठेवते."

मुलगी म्हणाली, "काही नाही डॉक्टर, पाय जरा सुजलेत."

तपासले तर अंगात ताप होता, पाठीत बरगड्यांखाली हात लावू देईना. आईला बाहेर बसवून विचारले, तेव्हा सगळे बाहेर आले. पर्यटकांच्या गर्दीचे दुकान. सकाळी नऊपासून रात्री दहापर्यंत काउंटरवर उभे राहायचे. बसायला स्टूल नाही. लघवीला जायचे तर कोणाला तरी काउंटर सांभाळायला सांगावे लागे, म्हणून तिने दिवसा पाणी पिणेच सोडले होते. पाय दुखतात म्हणून आठवडाभर रोज वेदनाशामक गोळ्या, त्याही उपाशी पोटी. लघवी तपासली तर जंतुसंसर्ग निघाला, तो मूत्रपिंडापर्यंत गेला होता. सगळे सांगून झाल्यावर ती हळूच म्हणाली, "आवशीक सांगू नकात."

पाय का सुजतात?

हृदयाकडून पायात गेलेले रक्त परत वर चढवायचे काम पोटरीचे स्नायू करतात. चालताना ते आवळतात आणि नीलांमधले रक्त वर ढकलतात. नीलांमध्ये झडपा असतात, त्या रक्ताला खाली येऊ देत नाहीत. माणूस तासन् तास एका जागी उभा राहिला की हा पंप थंडावतो, रक्त खाली साचते, घोटे सुजतात. वर्षानुवर्षे असेच चालले तर झडपा कमकुवत होतात आणि नीला फुगून गाठी दिसू लागतात.

उपाय बिनखर्चाचे आहेत. दर अर्ध्या तासाने टाचा उचलून पंधरा-वीस वेळा चवड्यांवर उभे राहावे. एक पाय लहानशा खोक्यावर ठेवावा, थोड्या वेळाने पाय बदलावा. पातळ सपाट चप्पल टाळावी, तळवा मऊ असलेले पादत्राण घ्यावे. रात्री पाठीवर झोपून पाय उशांवर पंधरा मिनिटे उंच ठेवावेत.

एक धोका मात्र ओळखावा. एकाच पायाची पोटरी अचानक सुजली, दुखू लागली, गरम लागली, तर शिरेत रक्ताची गुठळी झालेली असू शकते. आपल्याकडे लगेच तेल लावून पाय चोळतात. तसे मुळीच करू नये, डॉक्टरकडे जावे. सोबत धाप लागली किंवा छातीत दुखले तर १०८ ला फोन करावा.

पाणी आणि गोळ्या

लघवी तुंबवून ठेवू नये आणि त्यासाठी पाणीही तोडू नये. लघवी गडद पिवळी झाली तर पाणी कमी पडते आहे असे समजावे. जळजळ, थंडी वाजून ताप, कंबरेच्या वर पाठीत दुखणे ही लक्षणे अंगावर काढू नयेत. अंगात पाणी कमी असताना वेदनाशामक गोळ्या घेतल्या तर पोटाबरोबर मूत्रपिंडालाही इजा होते. रोज गोळी लागत असेल तर दुकान बदलता येईल का, ते पाहावे. गोळी वाढवू नये.

मनाचे दुखणे

त्या मुलीला मी विचारले, "फोनवर दोनच शब्द का बोलायचीस?" ती म्हणाली, "जास्त बोलले तर रडू येईल, आणि मागून आरती ऐकू येत होती." दिवसभर गिऱ्हाइकांशी हसून बोलायचे आणि रात्री खोलीवर एकट्याने जेवायचे, हा ताण शरीराच्या थकव्याइतकाच खरा आहे. काही मुले तो दारूने विसरू पाहतात, त्याने झोपही जाते आणि मनही खचते. दोन आठवडे मन उदास राहिले, झोप-भूक गेली किंवा जगणे नकोसे वाटले, तर १४४१६ या टेली-मानस क्रमांकावर बोलावे. केंद्र सरकारची ही सेवा २०२२ साली सुरू झाली. ती मोफत आहे, दिवसरात्र चालते.

दुकानदारांना विनंती

केरळमध्ये कापड दुकानांतल्या स्त्रियांनी कामावर बसायला मिळावे म्हणून लढा दिला आणि २०१८ साली तिथल्या कायद्यात तशी तरतूद झाली. तामिळनाडूने २०२१ साली तसेच केले. आपल्याकडच्या मालकाने यासाठी कायद्याची वाट कशाला पाहावी? एक स्टूल ठेवावे आणि काउंटर सोडून जायला पाच मिनिटे द्यावीत. एवढ्याने दुकान बुडत नाही, आणि ऐन हंगामात माणूस आजारी पडत नाही.

घरच्यांनी काय करावे?

मी त्या आईला काही सांगितले नाही. मुलीलाच म्हटले, "तू सांग, मी इथे बसतो." तिने सांगितले. आई बराच वेळ काही बोलली नाही. मग खाली वाकून तिने मुलीचे सुजलेले घोटे हाताने चाचपून पाहिले. दहा दिवसांच्या औषधाने संसर्ग बरा झाला. आता दुकानात निघताना ती पाण्याची बाटली बरोबर नेते आणि आई रात्री दहानंतरच फोन करते.

दिवाळी, नाताळ हे हंगाम दर वर्षी येणारच. तुमचेही कोणी असे बाहेर असेल तर फोनवर नुसते "बरा आहेस ना?" विचारू नका, त्याला उत्तर "हो" हेच येते. "आज किती वेळ बसायला मिळाले? पाणी किती प्यायलास? जेवलास कुणाबरोबर?" असे विचारा. आणि सणाला येता आले नाही म्हणून रागावू नका. तो परत येईल तेव्हा एक दिवस त्याच्यासाठी काळ्या वाटाण्याची उसळ आणि वडे करा. तीच त्याची चवथ.