पांढरी सहाचा ब्लूज

वयाच्या ४८व्या वर्षी गिटार घेतली. त्याआधी ३० वर्षं मुलुंडच्या भजनी मंडळात पेटी वाजवली. दर रविवारी लोकलनं घाटकोपर, तिथून मेट्रोनं अंधेरी, अशी शिकवणीची वारी. सर पंचविशीतले, ते मला काका म्हणतात, मी त्यांना सर. पहिल्याच महिन्यात त्यांनी ‘ए’ सुरातला ब्लूज स्केल हातात दिला. त्यात ठेचकाळत जे कळलं ते असं.

१. आधी पेटीवर वाजवून पाहा. ‘ए’ म्हणजे पांढरी सहा. तिला सा धरलं की स्वर येतात सा, कोमल ग, शुद्ध म, तीव्र म, प, कोमल नी. पाच पांढऱ्या आणि एकच काळी. ती काळी दोन, म्हणजे तीव्र मध्यम. तेवढी वगळली की धानी रागाचे स्वर उरतात. बोटं सोलवटूनही महिनाभर जे पाठ होत नव्हतं, ते पेटीवर पाच मिनिटांत बसलं.

२. धानी येतो म्हणून ब्लूज येत नाही. मी हौसेनं तीव्र मध्यमावर थांबलो. सर म्हणाले, “काका, तो फूटबोर्ड आहे. तिथे उभं राहायचं नाही, आत शिरायचं.” दोन मध्यम शेजारी आले की आपल्याला ललत आठवतो आणि आपण रेंगाळतो. इथे पाचव्या तारेवर पाच, सहा, सात या पडद्यांवरून सरळ पंचमात जायचं. मुरलेले वादक त्या सुरावर थांबतातही, पण मी मुरलेला नाही.

३. गांधार पेटीत सापडणार नाही. तिसऱ्या तारेच्या पाचव्या पडद्यावर कोमल गांधार आहे. तार जेमतेम श्रुतीभर ढकलायची. कोमलाच्या वर, शुद्धाच्या खाली. दरबारीचा गांधार खाली झुकतो, हा वर सरकतो. पेटीवाल्याच्या बोटाला हे अवघड जातं, कारण आमची पट्टी एक तर वाजते, नाही तर वाजत नाही.

४. बारा म्हणजे एकताल नव्हे. ‘ट्वेल्व्ह बार’ ऐकून मी बारा मात्रा मोजल्या आणि ऐटीत समेवर आलो. सर तेव्हा कुठे चौथ्या बारात शिरत होते. एका बारात चार मात्रा, म्हणजे आवर्तन ४८ मात्रांचं.

५. तानपुऱ्याचं ॲप बंद करा. मला हे सर्वांत उशिरा पटलं. आपला षड्ज हलत नाही. इथे खालची जमीनच सरकते. चार बार ए सेव्हन, दोन डी सेव्हन, दोन पुन्हा ए, मग एकेक ई आणि डी, शेवटी दोन ए. ए सेव्हनमध्ये शुद्ध गांधार आहे आणि वर आपण वाजवतो कोमल. ते भांडण हवंच असतं. जमीन डी सेव्हनवर गेली की तोच कोमल गांधार त्या कॉर्डचा घरचा सूर होतो. बोट तिथेच, पण अर्थ बदलला. रागात अशी सवय नसल्यानं मी दोन महिने हे बेसूर समजत होतो.

६. ऐकायला जा. वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत २०११ साली महिंद्रा ब्लूज महोत्सव सुरू झाला, पहिल्याच वर्षी बडी गाय वाजवून गेला. मला तेव्हा त्याचं नावही ठाऊक नव्हतं.

७. जुना हात सुटत नाही. आमचे बुवा काळी दोनमध्ये गातात. म्हणजे ब्लूजमध्ये ज्या सुरावर थांबू नका म्हणतात, तो ३० वर्षं माझा षड्ज होता. आणि माझा नवा षड्ज, पांढरी सहा, हा बुवांचा तीव्र मध्यम. गेल्या एकादशीला भजनात दोनदा चुकलो. बुवांनी एकदाच वळून पाहिलं.