कॉलर माईकला वीज कोठून मिळते?

नाशिकच्या गोदाकाठी मे महिन्यातील संध्याकाळी वसंत व्याख्यानमालेस श्रोते जमतात; १ मे रोजी जिल्ह्यात गावोगाव ग्रामसभा घेण्याची प्रथा आहे. अशा सभांतून वक्त्याच्या पोशाखास अडकविलेला, तारेविना चालणारा कॉलर माईक आता सर्वत्र दिसू लागला आहे. तो मध्येच मुका झाला की सारे जण ॲम्प्लिफायरकडे धाव घेतात. दोष बहुधा वक्त्याच्या कमरेशी असतो. महिला ग्रामसभेत प्रथमच बोलावयास उभी राहिलेली भगिनी आवाज तुटताच खाली बसली, तर ती पुन्हा उठेलच असे नाही. म्हणून या उपकरणाचा वीजपुरवठा शिक्षकांनी व पंचायत सदस्यांनी समजून घेणे अगत्याचे आहे.

पूर्वी असा माईक पदकासारखा गळ्यात अडकवीत. तो डायनॅमिक जातीचा असे. चुंबकात हलणारे वेटोळे स्वतःच अल्प वीज निर्माण करी व बाहेरून काही पुरवावे लागत नसे. सन १९६२ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत गेरहार्ड सेसलर व जेम्स वेस्ट यांनी कायम विद्युतभार धरून ठेवणाऱ्या पातळ पडद्याचा, म्हणजे इलेक्ट्रेट माईक तयार केला. पुढे माईक हरभऱ्याएवढा होऊ शकला तो यामुळेच. परंतु पडद्यावरील भार कायमचा असला, तरी त्यातून निघणारा संकेत अतिशय क्षीण असतो. तो पुढे धाडण्यासाठी पडद्यालगत एक सूक्ष्म ट्रान्झिस्टर बसविलेला असतो आणि त्यास काही व्होल्ट वीज लागते.

ही वीज कमरेच्या ट्रान्समीटरमधून येते. बहुतेक माईकमध्ये ज्या तारेने आवाज खाली येतो, त्याच तारेने वीज वर जाते; ट्रान्समीटरमधील कपॅसिटर या दोहोंना वेगळे करतो. मिक्सरवरील ४८ व्होल्टचे ‘फँटम’ बटण दाबून येथे काहीही साधत नाही, कारण रिसीव्हर व ट्रान्समीटर यांच्यामध्ये तारच नाही. उलट, असा माईक मिक्सरला थेट जोडावयाचा झाल्यास व्होल्टेज उतरविणारा अडॅप्टर हवा. तो नसल्यास माईक निकामी होण्याचा संभव असतो.

पिनांच्या बाबतीतही दक्षता घ्यावी. काही उत्पादक चार पिनांची जोडणी देतात, काही कुलूप असलेला ३.५ मिलिमीटरचा प्लग. एकाचा माईक दुसऱ्याच्या ट्रान्समीटरमध्ये शिरला म्हणजे तो चालेलच, हा समज चुकीचा होय. वीज भलत्याच पिनेवर असेल तर माईक मुकाच राहील.

दोष ओळखण्याची एक सोपी रीत आहे. रिसीव्हरवरील रेडिओ संकेताचा दिवा लागला असून आवाज येत नसेल, तर प्रथम ट्रान्समीटरवरील आवाज बंद करण्याचे बटण पाहावे. नंतर प्लगजवळ तार तुटली आहे काय, ते तपासावे. संकेताचा दिवाच नसेल, तर सेल संपला असण्याची शक्यता अधिक. तेथे एकच सेल-जोडी माईक व प्रक्षेपण या दोहोंचा भार वाहते. खेड्यातील दुकानात सहज मिळणारे स्वस्त झिंक-कार्बन पेन्सिल सेल या कामी लवकर थकतात. अल्कलाइन सेल बरे. पुन्हा भरता येणारे निकेल सेल १.२ व्होल्टवर बराच काळ स्थिर राहतात व शेवटी एकाएकी उतरतात, त्यामुळे बॅटरीदर्शकावर विसंबून चालत नाही. सभेपूर्वी ताजे सेल घालावेत, हे उत्तम.

ट्रान्समीटरची क्लिप पट्ट्यासाठी घडविलेली असते, नऊवारी वा सहावारीसाठी नव्हे. ती नुसती खोचल्यास बसता-उठता प्लगवर ताण येतो आणि नेमका वीज नेणारा धागा तुटतो. कापडी पिशवी शिवून ती कमरेस बांधावी, तारेस थोडी सैल गुंडाळी ठेवावी व माईक पदराच्या काठास, हनुवटीखाली वीतभर अंतरावर लावावा.

शिवाय ॲम्प्लिफायरला जोडलेला तारेचा एक डायनॅमिक हातमाईक व्यासपीठावर तयार ठेवावा. त्यास सेल लागत नाही.