अष्टमीचे लेकरू

गेल्या श्रावणात एका गावी सप्ताहाच्या कीर्तनानंतर एक बाई पाच-सहा वर्षांच्या मुलाचा हात धरून आमच्याकडे आल्या. नमस्कार करून म्हणाल्या, “महाराज, हा गोकुळअष्टमीचा आहे. सगळे म्हणतात, भाग्यवान! पण त्या दिवशी घरात उपास, सगळी माणसे देवळात, आणि हा दर वर्षी रडतो. म्हणतो, माझा वाढदिवस देवानं घेतला. याला काय सांगू?”

तेव्हा आम्ही नेहमीचे उत्तर दिले. “माउली, याचा वाढदिवस सारे गाव करते, मग रडायचे कशाला?” बाई बरे म्हणून गेल्या. पोराचे तोंड मात्र तसेच होते, आणि ते आमच्या डोळ्यांसमोरून हलेना. म्हणून या लेखात त्या प्रश्नाचा शास्त्राने व परंपरेने विचार करू. शेवटी एक गोष्ट आमच्या घरची सांगावयाची आहे, तीही सांगू.

आधी पूर्वपक्ष पाहू. सणाच्या दिवशी जन्म होणे ही आपल्या संतमंडळींत नवलाची गोष्ट नाही. ज्ञानेश्वरमाउलींचा जन्म सर्वपरिचित परंपरेप्रमाणे शके ११९७, म्हणजे इ. स. १२७५, श्रावण वद्य अष्टमीचा. म्हणजे नेमकी गोकुळअष्टमी. नामदेवरायांचा जन्म शके ११९२, कार्तिक शुद्ध एकादशीचा. देव जागे होतात त्या प्रबोधिनीचा. समर्थ रामदासांचा जन्म शके १५३०, चैत्र शुद्ध नवमीचा, म्हणजे रामनवमीचा. या थोरांनी माझा दिवस देवाने घेतला असे कधी म्हटले नाही. आपण माउलींची मोठी यात्रा करतो ती कार्तिक वद्य त्रयोदशीला, समाधीच्या दिवशी. तुकोबांची बीज, नाथांची षष्ठी, हीही त्यांच्या प्रयाणाची पर्वे. मग सामान्य लेकराच्या जन्मदिवसाचे एवढे ते काय? देवाच्या उत्सवात त्याचाही उत्सव झाला असे समजावे. हा पूर्वपक्ष. आम्ही आयुष्यभर हाच धरून बसलो होतो.

आता शास्त्र काय म्हणते ते पाहू. शके १७१२ च्या सुमारास पंढरपूरच्या काशीनाथशास्त्री उपाध्यायांनी धर्मसिंधु रचिला. त्यात वाढदिवसाचा विधी आहे. त्यास अब्दपूर्ती किंवा वर्धापन म्हणतात. तीळ लावून स्नान करावे, नवे वस्त्र ल्यावे, देव, गुरू व मातापिता यांचे पूजन करावे. मार्कंडेयाचे आणि अश्वत्थामा, बली, व्यास, हनुमान, बिभीषण, कृप व परशुराम या सात चिरंजीवांचे स्मरण करावे, आणि तीळगूळ घातलेले दूध प्यावे. त्या दिवशी नखे-केस कापू नयेत, भांडणतंटा करू नये. या साऱ्याचे प्रयोजन एकच, ज्याचा जन्मदिवस त्याचे आयुष्य वाढावे. म्हणजे हा विधी त्या एकाच जिवासाठी आहे. गावासाठी नाही, घरासाठीही नाही.

यावर कोणी म्हणेल, एका दिवशी दोन कर्मे आली तर एकात दुसरे उरकत नाही काय? पाठशाळेत मीमांसा शिकताना गुरुजींनी ‘प्रसंग’ समजावून दिला होता. वाड्यात लावलेल्या दिव्याचा उजेड रस्त्यावरही पडतो. रस्त्यासाठी निराळा दिवा लावावा लागत नाही. एकासाठी केलेल्या कर्माने दुसऱ्याचेही काम आपोआप होते, तो प्रसंग. पण बरं का, यात एक अट आहे. उजेड रस्त्यापर्यंत खरोखर पोहोचला पाहिजे. मधे भिंत असेल तर वाड्यात शंभर दिवे लावा, रस्ता काळोखातच राहणार.

हाच न्याय आपल्या प्रश्नाला लावू. नरकचतुर्दशीला जन्मलेल्या मुलाचे अभ्यंग एकदाच होईल. एका स्नानात सणही झाला आणि वाढदिवसही झाला. तेथे उजेड पोहोचला. पण औक्षण? ते त्याच्या नावाने, त्याच्या तोंडाकडे पाहून व्हावयाचे असते. सगळ्या घराच्या ओवाळणीत त्याला एक ताम्हन फिरवून मोकळे झालात तर त्याचे प्रयोजन उरले की राहिले? लेकराला त्या दिवशी एवढेच हवे असते की आईबापांनी क्षणभर आपल्याकडे पाहावे. देवळात पाळणा हलला म्हणून हे काम होत नाही. ते निराळेच केले पाहिजे. हा सिद्धान्त.

राहिले संतांचे उदाहरण. माउलींचा वाढदिवस निराळा झाला नाही म्हणून आपण आपल्या मुलांचा करू नये, हे म्हणणे आम्हांस आता पटत नाही. विठ्ठलपंत व रुक्मिणीबाई यांनी देहान्त प्रायश्चित्त घेतले आणि ती चार भावंडे पोरकी झाली. गावाने वाळीत टाकलेल्या त्या लेकरांना अष्टमीला कोणी ओवाळले असेल? ते सुख त्यांच्या वाट्याला आले नाही. ज्याला स्वतःची माउली फार दिवस लाभली नाही, त्यालाच साऱ्या महाराष्ट्राने माउली म्हटले. त्यांच्या उणिवेचा दाखला देऊन आपण आपल्या पोरांना उणे ठेवावे, हे काही त्यांस आवडावयाचे नाही.

तिथी आणि तारीख यांचा घोटाळाही येथे उलगडू. चंद्र सूर्यापासून बारा अंश पुढे गेला की एक तिथी होते. अशा तिथींच्या बारा महिन्यांचे सुमारे ३५४ दिवस भरतात, आणि सौर वर्ष ३६५ दिवसांचे. म्हणून सण दर वर्षी सुमारे अकरा दिवस मागे येतो आणि अधिक मास आला की पुन्हा पुढे जातो. गोकुळअष्टमी २०२२ साली १८ ऑगस्टला होती. २०२३ साली अधिक श्रावण पडल्यामुळे ती ६ सप्टेंबरला गेली. २०२४ साली २६ ऑगस्ट, आणि २०२५ साली १५ ऑगस्ट. त्या दिवशी स्वातंत्र्यदिनही होता आणि माउलींच्या जन्माला साडेसातशे वर्षेही झाली होती. तिथी व तारीख पुन्हा जुळतात ती साधारण एकोणिसाव्या वर्षी. म्हणजे सणाच्या तिथीवर जन्मलेल्या मुलाला बहुतेक वर्षी एक दिवस सणाबाहेरचा मिळतोच, तो तारखेचा.

आता आमच्या घरची गोष्ट. आमची थोरली कन्या गोकुळअष्टमीची. तारीख ऑगस्टच्या अखेरची. कीर्तनकाराच्या घरी अष्टमी म्हणजे काय ते वाचक जाणतात. जन्माचे कीर्तन मध्यरात्री. ते ठरलेले गाव कधी चुकले नाही. ती झाली तेव्हाही आम्ही परगावी पाळणा हलवीत होतो. पुढे दर वर्षी तेच. तिची आई संध्याकाळी तिला ओवाळी, आम्ही दुसऱ्या दिवशी काल्याचा प्रसाद घेऊन घरी येत असू.

ती नऊ-दहा वर्षांची असेल. त्या वर्षी अधिक मास पडला होता, अष्टमी सप्टेंबरात गेली, आणि तिची तारीख आठवडाभर आधी आली. पोरीने शाळेतून दिनदर्शिका पाहून हे हेरले. आम्हांस म्हणाली, “बाबा, तारखेला तुम्ही घरी आहात. या वर्षी तारखेला करू या का माझा?” आम्ही पोथी वाचीत होतो. मान वर न करता म्हणालो, “तारीख शाळेच्या दाखल्यासाठी, बाळ. आपली तिथी खरी.”

शास्त्रदृष्ट्या बोलणे चूक नव्हते. वर्धापनाला तिथीच घेतात. पण तिथीला आम्ही घरी नाही आणि तारीख आम्हांस मान्य नाही, मग त्या पोरीने बापाला भेटावे कधी? हे तेव्हा मनात आले नाही. तिने पुन्हा कधी विचारले नाही. रडलीही नाही. सप्ताहातले ते पोर रडते तरी.

आज आमचे वय सहासष्ट. २०२५ सालच्या अष्टमीचे कीर्तन आटोपून घरी आलो आणि आयुष्यात प्रथमच तिच्या तारखेला तिच्या घरी गेलो. गंमत पाहा, एका सणातून निसटलो तो दुसऱ्याच्या तोंडावर! गणपतीची तयारी चालू, घरभर पसारा. दार उघडून ती म्हणाली, “बाबा, इकडं कुठं कीर्तन आहे का?”

“कीर्तन नाही. तुझी तारीख आहे.”

ती काही बोलली नाही. चहा ठेवते म्हणून आत गेली, ती बराच वेळ बाहेर आलीच नाही. शेवटी आमच्या नातीने तबक आणले, आईला पाटावर बसविले आणि ओवाळले. आम्ही अक्षता टाकल्या. नात म्हणाली, “आजोबा, आता दर वर्षी या.” कन्या हसली, पण “या” असे ती म्हणाली नाही. तेवढे वर्षांचे देणे एका दिवसात फिटत नसते, हे आम्हांसही समजते.

म्हणून त्या माउलीला दिलेले उत्तर आम्ही येथे दुरुस्त करतो. मूल अष्टमीचे असेल तर देवळात जाण्यापूर्वी सायंकाळी त्याला पाटावर बसवून त्याच्या नावाने ओवाळा. गोडधोड दुसऱ्या दिवशी काल्याला करा, आणि त्याच्या सवंगड्यांना बोलवा. गोपाळांचा काला त्यासाठीच आहे. एकादशीचे असेल तर औक्षण त्याच दिवशी, पक्वान्न द्वादशीच्या पारण्याला. आठ वर्षांच्या आतील मुलास उपवासाचे बंधन नाही, तेव्हा त्याला उगाच उपाशी ठेवू नका. रामनवमीचे असेल तर दुपारचा जन्मोत्सव आटोपल्यावर सायंकाळ त्याची ठेवा. आणि बापाला सणाला बाहेरगावी जावेच लागत असेल, तर त्याने तारीख पाळावी. त्यात तिथीचा अपमान होत नाही.

देवाचा पाळणा हलवावयास गाव जमलेले असते. घरच्या लेकराला ओवाळावयास आपल्यावाचून दुसरे कोण येणार? पुंडलिकवरदे हरि विठ्ठल.